कवच जागेवर, औषध पसार

१

मंगळवारी सकाळी अकरा वाजता कुपवाडच्या त्या संशोधन केंद्रात, पुण्या-मुंबईहून आलेल्या नऊ पाहुण्यांसमोर, भिंतीवरचा पडदा उजळला आणि त्यावर कर्करोगाच्या पेशी दिसल्या. जिवंत! नुसत्या जिवंत नव्हेत, तर सोमवारपेक्षा वाढलेल्या, पंगतीला जेवून उठल्यासारख्या टरारलेल्या.

सोमवारी ह्याच पेशींवर औषधाचा थेंब टाकला होता. पाहुण्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितला होता. दुसऱ्या दिवशी त्यातली एकही पेशी जगायला नको होती.

केंद्राचे संचालक डॉ. लालासाहेब घोरपडे आधी पांढरे पडले, मग लाल झाले. मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या सृष्टी गडदेकडे बोट करून भर सभेत म्हणाले, "ह्या मुलीनं आपल्या सगळ्यांना फसवलं. औषध कधी नव्हतंच!"

सृष्टी आटपाडीकडची, धनगराच्या घरातली. घरची मेंढरं कोंडतात त्या वाडग्यातली माती तिनं पिशवीत भरून आणली, त्या मातीत एक जिवाणू शोधला आणि त्या जिवाणूपासून हे औषध मिळवलं. पाच महिने राबून हाती आलं चिमूटभर. चाचण्यांत बरंचसं संपलं आणि उरलं ते एका कुपीत होतं. सोमवारचा थेंब त्याच कुपीतला. मंगळवारी संध्याकाळी ती कुपी तपासली, तर औषधाबरोबरचं प्रथिन जेवढं हवं तेवढं होतं. औषध मात्र नावालाही नव्हतं.

बुधवारी मेजर राजेश्वरी निकम साताऱ्याहून येऊन दाखल झाल्या. सैन्याच्या इस्पितळात तीस वर्षं परिचारिका, त्यातली बारा कर्करोगाच्या वॉर्डात. आता निवृत्त. चौकशी समितीत बाहेरचा एक माणूस लागतो म्हणून त्यांचं नाव घातलेलं. बाई येणार, चहा पिणार, सही करणार आणि परत एसटीत बसणार, असा लालासाहेबांचा अंदाज. अहवाल टाइप होऊन तयारच होता. 'विद्यार्थिनीने निष्कर्ष बनावट तयार केले.' खाली सह्यांच्या तीन जागा, त्यातल्या दोन भरलेल्या.

राजेश्वरीबाईंनी कागद वाचला. त्यांची कानशिलं तापली.

"चौकशी कुठाय?"

"हा काय, अहवाल तुमच्या हातातच आहे."

"अहवाल दिसतोय मला. आंधळी नाही झाले अजून. चौकशी कुठाय? पोरीला कुणी काही विचारलं? आधी फाशी आणि मग खटला, हे कुठलं शहाणपण म्हणायचं?"

"मॅडम, उद्या चार वाजता विद्यापीठाला कळवायचंय. तिची नोंदणी रद्द होईल. कुठल्याही प्रयोगशाळेत तिला कुणी उभं करणार नाही. तसं व्हायलाच हवं."

"मग उद्या चारपर्यंत मला कुणी अडवायचं नाही," बाई म्हणाल्या आणि पेन न उघडताच उठल्या.

२

सृष्टी तिच्या टेबलाशी उभी राहून वह्या पिशवीत भरत होती. डोळे कोरडे होते, पण एकच वही तिनं दोनदा आत घातली आणि दोनदा बाहेर काढली.

"तुम्ही सही केली नाही?" तिनं विचारलं.

"मला न कळलेल्या कागदावर मी सही करत नाही. ते औषध काय, ते प्रथिन काय, नीट सांग. घाई करू नकोस."

सृष्टीनं पिशवी खाली ठेवली. औषधाचा विषय निघाल्यावर पोरीचा आवाजच बदलला.

"मॅडम, हे औषध लय नाजूक हाय. पेशीत शिरलं तर तिच्या डीएनएचे तुकडे करतं. पण उघडं पडलं की स्वतःच मोडतं. उजेडानं मोडतं, उष्णतेनं मोडतं, नुसत्या पाण्यात ठेवलं तरी थोड्या वेळात मोडतं. जिवाणूला ठाऊक असतंय ते. म्हणून तो औषधाच्या जोडीला एक प्रोटीन बनवतो. त्या प्रोटीनला मधे खोबण असते, तिच्यात औषध बसतं. आमची माणसं वाटेत जन्मलेलं कोकरू घोंगड्यात गुंडाळून घेतात, तसं समजा. घोंगडं म्हणजे कोकरू न्हवं. पण घोंगडं काढलं तर गारठ्यात कोकरू वाचत न्हाई."

राजेश्वरीबाईंना हे नव्यानं शिकावं लागलं नाही. वॉर्डात काही औषधांच्या सलाइनला उजेड लागू नये म्हणून काळा कागद गुंडाळावा लागे, आणि तो गुंडाळायला विसरणाऱ्या शिकाऊ पोरींना त्यांनी असं फैलावर घेतलं होतं की त्या जन्मात विसरल्या नसतील.

"शनिवारी इथं सहा तास वीज नव्हती म्हणे. फ्रीज बंद. त्यातच ते मेलं असेल?"

"न्हाई मॅडम. प्रोटीन सोबत असल्यावर सहा तासांनी काय होत न्हाई. तेच तर मी तपासत होते." तिनं खालचा खण ओढला आणि काळ्या कागदात गुंडाळलेली बोटभर कुपी काढली. "ही आठ दिवस फ्रीजच्या बाहेर हाय. मे महिन्याच्या उकाड्यात. दोन-चार थेंब असतील. बाहेर किती दिवस टिकतंय ते बघणार होते."

"आणि हे तू काल कुणाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की! सर म्हणाले, फ्रीजबाहेरची म्हणजे मेलेलीच, कचऱ्यात टाक."

राजेश्वरीबाईंच्या कपाळाची शीर उठली. जे औषध बाहेर टिकतं असं पोरगी गळा फोडून सांगतेय, ते बाहेर होतं म्हणून तपासायचं नाही! वा रे वा, संचालक!

"आत्ताच्या आत्ता थेंब टाक. दोन बशा घे. एकीत ह्या खणातल्या कुपीतलं, दुसरीत त्या बदनाम कुपीतलं. माझ्यासमोर."

सृष्टीनं दोन्ही बशांत पेशींवर थेंब सोडले. बाईंनी झाकणांवर कागद चिकटवून सह्या केल्या, बशा उबदार कपाटात ठेवल्या आणि कपाटाची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

"मॅडम, उद्या ह्या दोन्हींत पेशी वाढलेल्या निघाल्या तर?"

"तर मी सही करीन," राजेश्वरीबाई म्हणाल्या. खोटा धीर देणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

३

प्रयोगशाळेचे मदतनीस नानासो बाहेर दुचाकींच्या शेडमध्ये चहा पीत होते. वीस वर्षं कुपवाडात नोकरी, त्यातली नऊ इथं.

"फ्रीजच्या किल्ल्या किती?"

"तीन. एक माझ्याकडं, एक मोठ्या सायबांकडं, एक वीरधवल सायबांकडं, त्ये शास्त्रज्ञ. पोरीकडं न्हाई. तिला कुपी पायजे आसंल तर मी काढून देतो."

"सोमवारी कुपी तुम्हीच काढलीत? काही वेगळं वाटलं?"

नानासोंनी कप खाली ठेवला. "आवं, वाटलं म्हंजे काय, दिसलंच की! पोरीची कुपी कवाबी बघा, नितळ. सोमवारी काढली तर गढूळ. ताकाचं पाणी पडल्यागत. मी मोठ्या सायबांना सांगितलं, तर म्हणाले, तुला काय कळतंय रं? गप झालो. आमाला काय कळतंय!"

"आणखी कशात गप झालात?"

"आता इचारताच हाय तर सांगतो. गेल्या गुरवारी मी भाचीच्या सुपारीला इस्लामपूरला गेलतो. शुक्रवारी येऊन बघतो तर मिथेनॉलची नवी बाटली उघडलेली, निम्मी संपलेली. रजिस्टरात कुणाची नोंद न्हाई. सांडली आसंल म्हणून मी सोडून दिलं."

राजेश्वरीबाई तडक सृष्टीकडे गेल्या.

"प्रथिनातून औषध वेगळं काढायचं झालं, तर कसं काढतात?"

"थंडगार मिथेनॉल घालून. प्रोटीन पांढरं होऊन तळाला बसतं, औषध वर मिथेनॉलमध्ये येतं."

"आणि तळाचं प्रथिन परत पाण्यात घातलं तर?"

"विरघळतं. पण पूर्ण न्हाई. पाणी जरा गढूळच…"

बाईंनी नानासोंनी बघितलेली गढूळ कुपी आणि मिथेनॉलची निम्मी बाटली सृष्टीला सांगितली. तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

"मॅडम! कुणीतरी माझं औषध काढून नेलं, आणि रिकामं प्रोटीन परत कुपीत ओतून ठेवलं!"

४

लालासाहेबांच्या खोलीत एसी होता, मऊ खुर्च्या होत्या आणि भिंतीवर केंद्राचं माहितीपत्रक फ्रेम करून लावलेलं होतं. राजेश्वरीबाईंनी ते उभ्या उभ्या वाचलं. 'नाजूक औषधाला चिलखत घालणारे प्रथिन: डॉ. लालासाहेब घोरपडे यांचे संशोधन.' सृष्टीचं नाव त्यात भिंग लावूनही सापडलं नसतं.

"चिलखत हा शब्द तुमचा?"

"माझाच. प्रथिनाशिवाय हे औषध क्षणभर टिकत नाही, हे मी प्रत्येक भाषणात सांगतो."

"यश मिळालं तेव्हा संशोधन तुमचं, आणि फसलं तेव्हा त्या मुलीचं. छान वाटणी आहे हो!"

लालासाहेब दुखावले. "मॅडम, मी हवेत बोलत नाही. आमच्या वीरधवल साळुंखेनं मला आधीच सावध केलं होतं. वरिष्ठ शास्त्रज्ञ आहे. शुद्धीकरणात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात नाही. हे पाहा त्याचं पत्र. माझ्या आवक टपालात पडून राहिलं, ही माझी चूक. वेळेवर वाचलं असतं तर पाहुण्यांसमोर नाक कापलं गेलं नसतं."

पत्र चार ओळींचं होतं. 'सृष्टी गडदे यांच्या कुपीत केवळ प्रथिन आहे. कर्कपेशी मारणारे द्रव्य त्यात नाही. ही संस्थेची फसवणूक आहे. तातडीने कारवाई व्हावी.' खाली वीरधवलची सही होती, आणि वर कोपऱ्यात आवक टपालाचा निळा शिक्का.

राजेश्वरीबाईंनी शिक्क्यावरची तारीख बघितली. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. पुन्हा शिक्का बघितला.

"कुपीत फक्त प्रथिन आहे, हे तुमच्या लोकांनी तपासलं कधी?"

"मंगळवारी संध्याकाळी. पेशी मेल्या नाहीत तेव्हा."

शिक्का शनिवारचा होता.

५

वीरधवल साळुंखे पस्तिशीचा, विट्याचा. शर्टाला इस्त्री कडक, टेबलावर एक कागद वाकडा नाही. त्यानं बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारायच्या आधीच बोलायला लागला.

"मॅडम, आमची तिसरी पिढी गलाईत. आजोबांनी कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान टाकलं. शुद्ध करणं आमच्या रक्तात आहे. शुद्ध सोनं हजार वर्षं मातीत पडू दे, त्याला डाग पडत नाही. वस्तू जेवढी शुद्ध तेवढी टिकाऊ. ही मुलगी काय करते? प्रथिनासकट सगळं एकत्र ठेवते आणि त्याला औषध म्हणते! शंभर भाग भरताड आणि दोन भाग औषध. ह्याला काय संशोधन म्हणायचं?"

"गलाईत मागं उरलेला गाळ टाकून देत असाल ना?"

"छे छे! गाळ कुणी टाकत नाही. दुकानातली झाडलोटसुद्धा साठवून ठेवतात. लहानपणापासून हाताला सवयच असते ती. काही फेकायला हातच होत नाही."

"आणि कुपीत औषध नाही, हे तुम्हाला शनिवारीच कसं कळलं?"

वीरधवलनं सरळच असलेला कागद पुन्हा सरळ केला. "अनुभवानं. अंदाज."

"अंदाजावर एका मुलीला फसवी म्हणालात?"

"ती आहेच फसवी!" त्यानं टेबलावर हात आपटला. त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. "तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्याची काय गत होते, तुम्हाला कल्पना नाही. पाच महिने तिनं खोटं विकलं, मॅडम. खोटं!"

राजेश्वरीबाई बाहेर आल्या त्या गोंधळूनच. इतकी वर्षं त्यांनी थाप मारणारे शिपाई बघितले होते, कामचुकार डॉक्टर बघितले होते. खोटं बोलणारा माणूस असा आतून चिडत नाही. हा गडी खरंच चिडला होता. शनिवारचा शिक्का म्हणतोय चोर हाच, आणि चोराला राग मालकाचा! हे काय गौडबंगाल?

६

गुरुवारी दुपारी दोन वाजता बाईंनी कपाट उघडलं. बशांवरच्या सह्या शाबूत होत्या. सृष्टीनं पहिली बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि मागं सरली. "तुमीच बघा, मॅडम. माझ्याच्यानं होत न्हाई."

बदनाम कुपीची बशी होती ती. पेशी जोमात.

मग दुसरी. आठ दिवस उकाड्यात, खणात पडलेल्या कुपीतला थेंब. राजेश्वरीबाई बघतच राहिल्या. सगळ्या पेशी आक्रसलेल्या, फुटलेल्या. एकही धड नव्हती.

"पोरी," त्या म्हणाल्या, "तुझं औषध खरं आहे." आणि हे तोंडातून निघता निघता वीरधवलच्या रागाचं कोडं त्यांच्या डोक्यात लख्ख सुटलं.

चार वाजता सभागृहात सगळे जमले. दारात सृष्टीचे वडील कोंडीबा पटका बांधून उभे होते. मंगळवारी लालासाहेबांनीच त्यांना फोन करून, मुलीला घेऊन जा म्हणून सांगितलं होतं. राजेश्वरीबाईंनी त्यांना आत बोलावून मागच्या खुर्चीवर बसवलं आणि दोन्ही बशा पडद्यावर दाखवल्या. मग त्या उभ्या राहिल्या.

"औषध खरं होतं, म्हणजे कुपीतून ते कुणीतरी काढून नेलं. गेल्या गुरुवारी, नानासो नव्हते तेव्हा, मिथेनॉल वापरून. किल्ल्या तीन. नानासोंना ही विद्या येत नाही. लालासाहेबांना येते, पण प्रथिनाशिवाय औषध जगत नाही हे ते दर भाषणात सांगतात. त्यांना चोरायचं असतं तर त्यांनी अख्खी कुपी उचलली असती. औषध काढून प्रथिन मागं ठेवणारा माणूस एकच. ज्याला प्रथिन म्हणजे भरताड वाटतं, शुद्ध केलेली वस्तू जास्त टिकते असं वाटतं, आणि ज्याचा गाळ फेकायला हात होत नाही."

"पुरावा काय?" वीरधवल बसल्या जागेवरून म्हणाला.

"तुमचं पत्र. मंगळवारी समजलेली गोष्ट तुम्ही शनिवारी लिहिलीत. कुपी उघडल्याशिवाय ते कुणाला कळणं शक्य नव्हतं. सोमवारी पाहुण्यांसमोर उभं राहून, औषध माझ्याकडे आहे, मी ते वेगळं काढलं, असं सांगायचा बेत होता ना? शुक्रवारी तुम्ही ते गुपचूप पेशींवर टाकून बघितलंत, आणि शनिवारी—"

"सर," सृष्टी मधेच बोलली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "काढल्यावर कशात ठेवलंत? साध्या काचेच्या बाटलीत? पाण्यात? उजेडात? अवो, ते तासाभरात मेलं असंल."

"मेलं कसं?" वीरधवल ताडकन उभा राहिला. "नव्व्याण्णव टक्के शुद्ध होतं ते! माझ्या हातानं काढलेलं! तरी एक पेशी मेली नाही, म्हणजे तुझंच—"

सभागृहात आधी कुजबुज झाली, मग खुर्च्या करकरल्या. वीरधवलला आपण काय बोललो ते सगळ्यात शेवटी कळलं. तो हळूहळू खाली बसला.

राजेश्वरीबाईंचा मात्र आता तोल सुटला. "ऐकलंत? चोरलेला माल खोटा निघाला म्हणून ह्यानं मालकिणीची तक्रार केली! चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण इतक्या मनापासून मारलेली बोंब आज पहिल्यांदा ऐकली. अहो, ते भरताड नव्हतं! त्याच्या जिवावर ते औषध जगत होतं. पाच महिन्यांची मेहनत एका दुपारी मारलीत, आणि खुनाचा आळ तिच्यावर!"

लालासाहेब घसा साफ करत पुढं आले. "झालं ते वाईटच झालं. पण बाहेर वाच्यता नको, मॅडम. संस्थेचं नाव आहे. आपण असं लिहू, 'तांत्रिक कारणाने प्रयोग अयशस्वी.' मुलीला संशयाचा फायदा देऊ. प्रकरण मिटलं."

"संशयाचा फायदा?" बाईंचा आवाज बाहेरच्या शेडपर्यंत गेला असावा, कारण नानासो दारात येऊन उभे राहिले. "संशय कसला उरलाय आता? फसवी म्हणताना नऊ पाहुणे होते. निर्दोष म्हणताना वाच्यता नको? शरम वाटू द्या जरा! लिहा. मी सांगते तसं लिहा. औषध कुणी शोधलं, कुणी चोरलं, आणि न विचारता तिला फसवी कोण म्हणालं. पाहुण्यांना, विद्यापीठाला, सगळ्यांना एकच मजकूर जाईल. माझी सही त्याच्यावर होईल, नाहीतर कशावरच नाही. आणि पाठवायच्या आधी इथं वाचून दाखवायचा."

लालासाहेबांनी घड्याळ बघितलं, इकडे तिकडे बघितलं. आधी सह्या केलेले दोघे सदस्य टेबलाकडे बघत बसले होते. कुणी त्यांच्या मदतीला आलं नाही. त्यांनी कागद ओढला.

लिहायला वीस मिनिटं लागली. मग ते उभे राहिले आणि मान खाली घालून पुटपुटल्यासारखं वाचू लागले. "सदर औषध व त्याचे संरक्षण करणारे प्रथिन हे संशोधक सृष्टी कोंडीबा गडदे यांनी शोधले असून, त्यांच्यावर मी केलेला आरोप…"

मागच्या खुर्चीवरून कोंडीबा उठले. सगळ्यांच्या माना वळल्या. सृष्टी घाबरून म्हणाली, "आप्पा, बसा." ते बसले नाहीत.

"सायेब," ते म्हणाले, "जरा मोठ्यानं वाचा. परवा फोनवर पोरीला फसवी म्हणाला, तवा लय मोठ्यानं बोलला हुता. माझ्या शेजारच्या चार माणसांनी ऐकलं."

लालासाहेबांनी राजेश्वरीबाईंकडे बघितलं. त्या हाताची घडी घालून उभ्या होत्या.

मग लालासाहेबांनी कागद पुन्हा वर धरला आणि पहिल्या ओळीपासून, मोठ्या आवाजात, वाचायला सुरुवात केली. कोंडीबा शेवटच्या ओळीपर्यंत उभेच होते.